पाण्यात पाहिलेली पोतडी

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. हाडांचा नव्हे, तारांचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नुसतं 'सापळा' म्हटलं की काही मुलं घाबरतात आणि काही आगाऊ मुलं जवळ येऊन माझ्या बरगड्या मोजू लागतात. मी उंदीर पकडायचा सापळा. तोही ऐऱ्यागैऱ्या उंदरांचा नव्हे, घुशींचा. आणि माझा स्वभाव म्हणाल तर जळका. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या तारा तापतात. आता का तापू नयेत, ते सगळं ऐका आणि मगच मला नावं ठेवा.

माझा जन्म एका तारवाल्याच्या हातून झाला. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान होतं. चाळण्या, टोपल्या, पोपटांचे पिंजरे असं काय काय तो वळायचा. एके दिवशी त्याच्याकडे एक बेकरीवाले आले. तेच माझे मालक. हातात कुरतडलेलं मैद्याचं पोतं, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. बेकरीच्या कोठारात घुशी झाल्या होत्या. घूस म्हणजे उंदराची दांडगी चुलत बहीण. उंदीर पोतं फोडतो, घूस पोत्याखालची जमीनसुद्धा पोखरते. केवढी घूस, असं तारवाल्यानं विचारलं, तेव्हा मालकांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. रागावलेला माणूस घूस दुप्पट करून दाखवतो हे तारवाल्याला ठाऊक होतं. त्यानं त्याचं निम्मं धरलं, वर चार बोटं वाढवली आणि मला वळलं. जाड तार, पत्र्याची जमीन, आत आमिष लावायला आकडा, आणि माझा सगळ्यात मोठा दागिना म्हणजे माझं स्प्रिंगचं दार. आकड्यावरचा तुकडा कुणी ओढला रे ओढला की धाडकन खाली. तारवाला मालकांना म्हणाला होता, हे दार आतून उघडलं तर माझं नाव बदला. त्याचं नाव अजून तेच आहे.

मी कामाला लागलो आणि माझा दरारा वाढला. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी मालक मला पाहायला यायचे. देवाच्या आधी माझं दर्शन, असं वहिनी, म्हणजे मालकांची बायको, हसून म्हणायची. पण माझ्या आठवणीत मालक आणि वहिनी मागे आणि पुढे धाकटी आहे. धाकटी ही मालकांची बहीण. तेव्हा ती खरोखरच एवढीशी होती. तिची बोटं बारीक, म्हणून आकड्याला पावाचा तुकडा लावायचं काम तिचं. आणि सकाळी माझ्यात जे काही सापडेल ते उकिडवं बसून बघायचं, हे तिनं स्वतःच अंगावर घेतलेलं काम. शेपूट अंगापेक्षा लांब तर घरातला उंदीर. तोंड बोथट, शेपूट जाड, आणि चिडून डुकरासारखी गुरगुरते ती घूस. नाक सोंडेसारखं टोकदार आणि वास नको नकोसा, तर ती चिचुंद्री, आणि चिचुंद्री तर उंदरांच्या गोतातलीच नव्हे. हे सगळं ती कुठे शिकली? माझ्या तारांतून बघून शिकली. म्हणजे धाकटीला उंदरांची पारख कुणी शिकवली, तर मी शिकवली. ही गोष्ट त्या घरात आजवर कुणी एकदाही बोलून दाखवलेली नाही.

बघून झालं की मालक मला मागच्या अंगणात न्यायचे. तिथं पाण्याचं पिंप होतं. मला आतल्यासकट पिंपात बुडवायचं, थोडं थांबायचं, वर काढायचं. त्या वेळी धाकटी कान झाकून आत पळायची. मी त्या गोष्टीची कधी शेखी मिरवली नाही आणि रडलोही नाही. ते काम होतं. मग भट्टीतून पहिला पाव निघायचा. मालक तो तोडायचे, अर्धा धाकटीला, अर्धा स्वतः, आणि दोघं माझ्याच शेजारी उभे राहून फुंकर घालत खायचे. पहिला पाव गिऱ्हाइकाचा नव्हे, भावा-बहिणीचा. हा त्यांचा नेम होता.

पुढं बेकरीची जमीन सिमेंटची झाली. कोठाराला लोखंडी दार आलं. घुशी आटल्या. आणि गरज सरो वैद्य मरो, या न्यायानं मी माळ्यावर गेलो. माझ्या शेजारी एक चेपलेला डबा आणि पाय मोडलेलं स्टूल. तेलाचा थेंब नाही, कुणाचा हात नाही. अंगावर गंज चढला, दारात कोळ्यानं जाळं विणलं. काय दिवस आले बघा, माझ्या दारात दुसराच सापळा लावून बसला होता. पण तेही मी सोसलं. न बोलता सोसलं. जे सोसवलं नाही ते पुढंच आहे.

धाकटी मोठी झाली. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. तिथं एक म्हातारं जोडपं यायचं. त्यांना नवलाचे प्राणी पाळायचा नाद. ती दोघं परदेशी मुलाकडे कायमची निघाली, आणि त्यांचे प्राणी सांभाळायला माणूस हवा होता. धाकटी घरी आली ती खोके घेऊनच. माळ्याच्या फळ्यांमध्ये एक फट आहे, त्यातून मला खाली तिची खोली दिसते. मी बघितलं, आणि मित्रांनो, मला वाटलं गंज डोळ्यांत गेला. त्या खोक्यांत उंदीर होते. बेकरीच्या घरात, माझ्या घरात, पाळायला उंदीर.

साधेसुधे उंदीर असते तर एक वेळ मी म्हटलं असतं, पोरीचं डोकं फिरलं. पण हे आफ्रिकेचे. एकाच्या पाठीवर केसांऐवजी खराट्याच्या काड्या, तो काटेरी उंदीर. त्याला शेपटीला धरून कधीच उचलायचं नाही, शेपटी हातात राहते आणि उंदीर चालता होतो, असं धाकटी वहिनीला तीन-तीनदा बजावत होती. दुसऱ्याच्या अंगावर पट्टे ओढलेले, आणि तो रीतसर दिवसा जागा. आणि तिसरी, मोठ्या खोक्यातली, म्हणजे या सगळ्या कथेचं मूळ. मांजरीएवढं अंग, मोठे पातळ कान, डोळ्यांभोवती काळी कडी, आणि हातभर शेपूट. ते शेपूट बुंध्याशी काळपट आणि अर्ध्यावरून टोकापर्यंत पांढरं. जणू कुणी चुन्यात बुडवून काढलं होतं.

वहिनीनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही घूस आहे."

झालं. धाकटी तापली. घूस म्हणायचं नाही, ही आफ्रिकेची गालपिशवीवाली, हिची जात वेगळी, कूळ वेगळं, स्वभाव वेगळा. घूस अंगावर येते, ही मांडीवर येते. खूण काय, तर अर्धं पांढरं शेपूट. घरातल्या सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा, म्हणाली, शेपूट अर्धं पांढरं दिसलं की ती आपली. वहिनीनं मान डोलावली. मालक फक्त एवढं म्हणाले की उंदरांना लावलेले हात भट्टीपाशी नकोत. हे ते बेकरीच्या काळजीनं म्हणाले. पण धाकटीला ते लागलं. त्या दिवसापासून ती सकाळी भट्टीपाशी यायची थांबली.

आणि पहिला पाव? तो वहिनी वर धाकटीला नेऊन द्यायची. धाकटी त्याचे दोन तुकडे करायची, अर्धा स्वतः खायची आणि अर्धा त्या बयेला द्यायची. ती बया तो खायचीसुद्धा नाही. गालात कोंबायची. एवढ्यावरून तिचं नाव पडलं पोतडी. खाली मालक भट्टीपाशी एकटे उभे आणि वर पोतडी पावाचा तुकडा गालात भरतेय, हे दोन्ही मला एकाच फटीतून कळायचं. त्या घरात पोतडीला पाण्यात पाहणारे दोघं होते. एक मालक आणि दुसरा मी. फरक इतकाच की मालकांना घराबाहेर जाऊन हवा खाता येत होती.

आता मला सांगा, जळू नको तर काय करू? जन्मभर मी उंदीर पकडले आणि मला नाव काय, तर 'तो सापळा'. हिनं जन्मभर काय केलं, तर गाल फुगवले, आणि हिला नाव, हिला द्राक्षं, हिच्या दातांना चघळायला खास लाकूड. दवाखान्यातून आली की धाकटी आधी तिला मांडीवर घ्यायची आणि 'दमली का गं माझी बाई' म्हणायची. दमायला तिनं काय पोती उचलली होती? एकदा तर मालकांनी तिचा फुगलेला गाल पाहिला आणि हिला गालगुंड झालंय म्हणून घर डोक्यावर घेतलं. म्हणजे बघा, जळत होते तरी माणूस मायाळूच. धाकटी हसली, तिनं पोतडीला गोंजारलं, आणि त्या गालातून एक आख्खा अक्रोड, बाटलीचं झाकण आणि धाग्याची गुंडी बाहेर आली. वहिनी हसून हसून खाली बसली. मालकांच्या कामाच्या सदऱ्याचं निळं बटण हरवलं होतं, त्याचाही संशय पोतडीवर गेला. पण बटण निघालं नाही. त्यापायी मालकांनी दोन दिवस वहिनीशी वाद घातला की सदरा नीट शिवलाच नव्हता.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे तिचा पिंजरा. दुमजली, पांढरा रंग दिलेला, आत शिडी, झोपायला कापडाचा झोळणा. तो पिंजरा कुणी बनवला असेल? त्याच तारवाल्यानं. आता म्हातारा झाला होता, पण हात तोच. म्हणजे तो पिंजरा माझा सख्खा धाकटा भाऊ. एका बापाची लेकरं. एक राजवाड्यात, एक माळ्यावर. त्याचा पत्रा रोज पुसला जायचा, माझ्यावर पाल फिरायची. त्याचं दार तर काय, धाकटीला एका हातानं उघडता यावं म्हणून नुसतं वर सरकायचं. ना स्प्रिंग, ना कडी. मी वरून बघायचो आणि म्हणायचो, अरे, याला दार म्हणतात का? हा तर पडदा.

माझं बोलणं खरं ठरायला वेळ लागला नाही. पोतडी नाकानं दार वर सरकवायला शिकली. एका शुक्रवारी सकाळी पिंजरा रिकामा, दार अर्धवट वर, आणि धाकटीचा चेहरा पांढराफटक. घरभर शोधलं. कपाटामागे नाही, न्हाणीत नाही. जिन्यावर पीठ सांडलेलं होतं, त्यावर पावलं उमटलेली, आणि ती पावलं खाली बेकरीच्या कोठाराकडे गेलेली. मला आनंद झाला का? झाला. लपवायचं कशाला. भावाची फजिती मी डोळे भरून पाहिली.

पण खाली प्रकरण चिघळलं. बेकरीत उंदीर फिरतोय हे एका गिऱ्हाइकाला कळलं तरी गल्लीला कळायला वेळ लागत नाही. मालक पहिल्यांदाच बहिणीवर मोठ्यानं बोलले. रविवारी बेकरी बंद असते, तोवर ती सापडली तर ठीक. नाही तर बाकीचे उंदीरही या घरात राहणार नाहीत. धाकटी शांतपणे म्हणाली, मग मीही राहणार नाही, दवाखान्याच्या बाजूला खोली बघते. वहिनी दोघांच्या मध्ये उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे, आणि म्हणाली, "भांडायचं नंतर. आधी माळ्यावरचा सापळा काढा."

मित्रांनो, त्या वाक्याचं सुख तुम्हाला कसं सांगू? मला खाली उतरवलं. धाकटीनं स्वतः माझं जाळं काढलं, गंज घासला, स्प्रिंगला तेल दिलं. मधली वर्षं जणू गेलीच नव्हती, तीच बारीक बोटं आकड्याला पावाचा तुकडा लावत होती. मला वाटलं, बघ, शेवटी माझ्याकडेच आलीस ना? ज्याचं काम त्यानंच करावं. कोठारात मैद्याच्या पोत्यांमागे मला ठेवलं आणि मी छाती फुगवून बसलो.

दुसऱ्या दिवशी माझं दार पडलं. आत गुरगुर, धडपड, तारांना दात. हे मला फार ओळखीचं होतं, पण ऐकतो कोण? धाकटी दवाखान्यात होती. मालक धावत आले, कोठारातल्या अंधारात वाकून बघितलं, शेपूट बघितलं. पांढरं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा रागच आला. मला तसंच उचलून ते वर गेले. बहीण यायच्या आत तिची ठेव तिच्या जागी ठेवायची आणि वर एक शब्दही बोलायचा नाही, असं त्यांच्या मनात होतं. माझं तोंड त्या राजवाड्याच्या दाराला लावलं, माझं दार उचललं, आणि आतली स्वारी सरळ झोळण्यात जाऊन बसली.

संध्याकाळी धाकटी आली. मालक दारात हाताची घडी घालून उभे. धाकटी धावत पिंजऱ्यापाशी गेली, थांबली आणि मागे सरकली. झोळण्याच्या चिंध्या झाल्या होत्या. पत्र्यावर जिथं जिथं शेपूट घासलं होतं तिथं तिथं मैदा पडला होता, आणि शेपूट मुळापासून टोकापर्यंत काळं होतं.

"दादा, ही घूस आहे," ती म्हणाली.

आता सांगा, चूक कुणाची? अर्धं पांढरं शेपूट ही खूण जगात कुठंही चालली असती. मैद्याच्या कोठारात ती कशी चालणार? तिथं जो शिरतो त्याचं शेपूट पांढरंच होतं. हे बेकरीत जन्म काढलेल्या दोघांनाही सुचलं नव्हतं. वहिनीला हसू आवरेना. पाहुण्याला सोफ्यावर बसवलंत हो, म्हणाली. मी तर मनातल्या मनात इतका हसलो की माझी स्प्रिंग वाजली. पण मालकांचे कान लाल झाले. धाकटीनं आमिष दाखवून त्या घुशीला परत माझ्यात घेतलं, लांब ओढ्यापलीकडे नेऊन सोडलं, आणि घरी येऊन पिंजरा कढत पाण्यानं घासून काढला, कारण रानच्या घुशीचे रोग पाळीव प्राण्याला लागतात. मालक पुटपुटत राहिले की सोडलेली घूस माघारी येते, पिंपात बुडवली असती तर प्रश्न मिटला असता. आणि स्वतःशीच म्हणाले, पुन्हा पिठाला फसणार नाही.

रविवार उजाडला. धाकटी अक्रोड हातात घेऊन गल्लीतल्या गटारांपाशी हाका मारत फिरत होती. वहिनी तिच्याबरोबर होती. बेकरी बंद, भट्टी विझलेली पण अंगातली ऊब न गेलेली. दुपारी कोठारात पोत्यांवरून काहीतरी जड उतरलं. मिशा आधी आल्या, मग ते पातळ कान. सगळं अंग मैद्यानं माखलेलं, पण चाल ओळखू आली. पोतडी.

रात्रीच धाकटीनं मला पुन्हा तुकडा लावून तिथं ठेवलं होतं, मी जय्यत तयार होतो. ये म्हटलं, ये बाई, तुझ्यासाठीच थांबलोय. ती आत आली, तुकडा ओढला, आणि माझं दार पडलं. आता ही ओरडेल, तारा चावेल, माझ्यावर घाण करेल, असं मला वाटलं. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. तिनं फक्त वळून दाराकडे पाहिलं, माझा कोपरान् कोपरा हुंगला, आणि मग मागच्या कोपऱ्यात जाऊन आपले गाल रिकामे करू लागली. आधी आकड्यावरचा तुकडा. मग एक अक्रोड. मग एक शिळा कडक पाव. आणि शेवटी एक निळं बटण. पुढच्या पायांनी सगळं नीट रचलं, त्याला पाठ लावली आणि डोळे मिटले.

मित्रांनो, माझ्यात आजवर जो आला तो काहीतरी घ्यायला आला. ठेवायला कुणी आलं नव्हतं. माझ्याकडे ठेवण्यासारखी जागा आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी तिच्यावर जळायचं ठरवून बसलो होतो आणि ती माझ्यात संसार मांडून झोपली. मला काय करावं ते कळेना. मी माझी एक तारही वाजू दिली नाही.

तेवढ्यात मालकांची पावलं आली. पोतडी दचकली आणि घाईघाईनं सगळी ठेव गालात भरली. मालकांनी वाकून पाहिलं, तर त्यांना काय दिसलं? पिठानं माखलेलं धूड, तोंड दुप्पट फुगलेलं, शेपूट पांढरं. "आलीस का परत?" ते म्हणाले. काल ओढ्यापलीकडे सोडलेलीच माघारी आली, याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. पिठाला आपण एकदा फसलो, आता नाही. बहीण यायच्या आत काम उरकायचं. त्यांनी मला उचललं आणि मागच्या अंगणाची वाट धरली.

ती वाट मी किती वेळा गेलो असेन. कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मला ओरडायचं होतं. अहो मालक, हिची गुरगुर ऐकली का? ही एकदा तरी दात लावतेय का? पण सापळ्याला एकच बोलणं येतं, धाडकन, आणि ते बोलून झालं होतं. आतून उघडायचं नाही, या माझ्या दारावर मी जन्मभर मिरवलो. त्या घटकेला मी माझ्या स्प्रिंगला मिळतील तेवढ्या शिव्या घातल्या. मग पाणी माझ्या पत्र्याला लागलं आणि मी खाली गेलो.

मी पोतडीला पाण्यात पाहत होतो, हे मघाशी सांगितलंच. आता मी तिला खरोखरच पाण्यात पाहिलं. तिच्या अंगावरचा मैदा सुटून वर चालला होता. पाणी पांढुरकं होत होतं. तिचे पुढचे पाय माझ्या छताची तार घट्ट धरून होते, आणि एवढं होऊनही गाल तिनं सोडले नव्हते. ती बुडतानासुद्धा माझ्यात ठेवलेलं सामान सांभाळत होती.

तिचं लांब शेपूट मात्र माझ्या तारांतून बाहेर राहिलं होतं. ते पाण्यावर तरंगून मालकांच्या मनगटाला लागलं. त्यांनी ते झटकलं. मग खाली पाहिलं. पीठ धुऊन निघालं होतं. बुंध्याकडचं शेपूट काळपट झालं होतं, आणि टोकाकडचं अर्धं अजून पांढरं होतं. मालकांनी अंगठ्यानं चोळलं. पांढरंच. पिठाचा पांढरा पाण्यात जातो, कातडीचा पांढरा कुठं जातो?

त्यांनी मला असं उपसलं की अर्धं पिंप अंगावर आलं. माझं दार उघडताना त्यांचं बोट चिरलं, ते त्यांना कळलंही नाही. पोतडीला त्यांनी आपल्या सदऱ्यात गुंडाळलं आणि भट्टीच्या उबेला घेऊन बसले. तिचं पोट हलत नव्हतं. त्यांनी तिला पालथं धरलं, पाठीवर हळूहळू थोपटलं, तान्ह्या मुलाला थोपटतात तसं. गालातून पाणी आलं. अक्रोड पडला, भिजलेला पाव पडला, आणि त्यांच्या तळहातावर ते निळं बटण पडलं. त्याकडे ते बघत असतानाच पोतडी शिंकली.

धाकटी आणि वहिनी दारात आल्या तेव्हा मालक तसेच बसलेले, मी शेजारी, माझ्यातून पाणी ठिबकतंय. धाकटीनं ओला सापळा पाहिला. तिला सांगायला काही उरलं नव्हतं. लहानपणापासून तिला त्या ओल्या सापळ्याचा अर्थ ठाऊक होता. पोतडी जिवंत आहे हे दिसेपर्यंत ती भिंतीला धरून उभी होती.

मालकांनी मान वर केली नाही. "मला ती नकोशी होती, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण अशी नाही. मला वाटलं ती कालचीच."

धाकटी त्यांच्याशेजारी खाली बसली. बराच वेळ दोघंही पोतडीचं पोट वरखाली होताना बघत राहिली. मग मालक हळूच म्हणाले, "तू पहिला पाव खायला खाली यायचीच थांबलीस."

"तूच म्हणालास ना दादा, उंदराचे हात भट्टीपाशी नकोत म्हणून. मग मी कुठं उभी राहायची?"

"हात धुवून यायचं," मालक म्हणाले. "एवढंच म्हणायचं होतं मला. ते म्हणायचं राहिलं."

वहिनी मागून म्हणाली की एवढ्या एका वाक्यासाठी घरात दोन पिंजरे आणि एक पिंप लागलं. तेव्हा कुठं दोघं हसली. सोमवारी सकाळी धाकटी कोपरापर्यंत साबण लावून खाली आली, आणि पहिल्या पावाचे तीन तुकडे झाले. तिसरा कुणाचा हे मी सांगणार नाही, तुम्हाला कळलंच असेल. खोली बघायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता माझं काय झालं ते ऐका. पोतडीला राजवाड्यात परत ठेवलं, आणि ते निळं बटण मालकांनी तिलाच देऊन टाकलं. तारवाल्यानं येऊन त्याच्या दाराला कडी लावली. पण ती जेवेना, एका कोपऱ्यात बसून राही, आणि ठेव ठेवायला जागा शोधत फिरे. आपली ठेव जिथं रचली ती जागा तिला हवी होती. ज्या सापळ्यातून ती पाण्यात गेली त्याचीच तिला आठवण येतेय, हे धाकटीला पटायला दोन दिवस लागले. मग तिनं पक्कड घेतली. माझी स्प्रिंग काढली, आकडा काढला, दार कायमचं वर बांधून टाकलं. तारवाला जवळच उभा होता. त्याला वाईट वाटलं असावं. आणि मला उचलून त्या राजवाड्यात, खालच्या मजल्यावर, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या पोटात ठेवलं. दैव बघा. ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच्याच घरी राहायला गेलो.

ज्याचं दार पडत नाही तो सापळा कसला, असं मला पहिले काही दिवस वाटायचं. अजूनही कधीतरी वाटतं. मग पोतडी येते, गाल रिकामे करते, आणि तो विचार मागं पडतो.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. नवलाचा प्राणी घरी आणाल तर आधी त्याची जात नीट ओळखा, तो काय खातो, कधी झोपतो, त्याला कुठं धरायचं नाही, हे शिका, आणि त्याच्या दाराला कडी लावा. घरात माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल तर त्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, उगाच जळायला सोडू नका. आणि कुणाला पाण्यात पाहावंसं वाटलंच, तर त्याच्या अंगावर नुसतं पीठ तर बसलं नाही ना, एवढं बघून घ्या.

माझा स्वभाव सुधारला असं समजू नका. परवाच वहिनीनं मालकांच्या त्या निळ्या बटणांच्या जुन्या सदऱ्याचा नवा झोळणा शिवला, चांगला जाड, मऊ, आणि वरच्या मजल्यावर टांगला. पोतडी हल्ली कधीकधी तिथं झोपते. त्या दिवशी मला चैन पडत नाही. एवढं काय आहे त्या फडक्यात, असं मी भावाला विचारत राहतो. पण झोपायला ती कुठंही जावो, बटण मात्र माझ्याकडेच ठेवते.